कोणती नस? कसली बंदी?
(पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदाविषयी)

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जनन-आरोग्यावर एक छोटे प्रकरण आहे. संततिनियमनाची साधने एकामागून एक सांगून झाली की शेवटी शस्त्रक्रियांचा परिच्छेद येतो. जेमतेम चार-पाच वाक्ये आणि सोबत दोन आकृत्या : (अ) पुरुषावरील शस्त्रक्रिया, (ब) स्त्रीवरील शस्त्रक्रिया. बहुतेक वर्गांत हा मजकूर एकदा वाचला जातो आणि तास पुढे सरकतो. आपण मात्र या लेखात त्याच परिच्छेदापाशी थोडे थांबणार आहोत.

थांबायचे कारण साधे आहे. आकृती (अ) आणि आकृती (ब) पुस्तकात शेजारी-शेजारी आहेत. समाजात तशा नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची शस्त्रक्रिया झाली आहे असे सांगणाऱ्या होत्या ०.३ टक्के. म्हणजे सव्वाशे स्त्रियांमागे एक पुरुष! १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत पुरुषांचा आकडा साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. तो तेव्हाही फार नव्हताच, पण तिथून तो दहाव्या हिश्श्यावर आला. आपल्या बोलण्यातही हे उतरले आहे. ‘ऑपरेशन झालं का?’ हा प्रश्न आपल्याकडे बाईलाच विचारतात.

शरीररचना पाहिली तर हे उलटे असायला हवे होते. स्त्रीच्या बीजवाहिन्या उदरपोकळीत असतात. तिथपर्यंत पोहोचायला पोटाला छेद घ्यावा लागतो किंवा दुर्बीण आत घालावी लागते. पुरुषाची शुक्रवाहिनी वृषणकोशाच्या कातडीखालीच असते, बोटांना चाचपून कळते. चीनमधील डॉक्टर ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये बसवलेल्या पद्धतीत तर सुरीही लागत नाही. जागेपुरती भूल, एक टोकदार चिमटा आणि साधारण वीस मिनिटे एवढ्यात काम होते. भारतात ही ‘बिनटाका’ पद्धत नव्वदच्या दशकापासून वापरात आहे. मग अवघड शस्त्रक्रिया सर्रास आणि सोपी दुर्मीळ, असे का? याचे सगळे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, हे उघड आहे. पण उत्तराचा काही भाग तिथे आहे, आणि तेवढा आपल्या हातातला आहे.

परिच्छेद काय सांगतो, काय सांगत नाही

आधी पुस्तकाला द्यायचे ते श्रेय देऊ. शस्त्रक्रियेने युग्मकांची वाट बंद होते. शुक्रवाहिनीचा छोटा तुकडा काढतात किंवा ती बांधतात. पद्धत अतिशय परिणामकारक आहे. ती उलटवून पुन्हा पूर्ववत होण्याची शक्यता मात्र फार कमी आहे. परिच्छेदाचा सारांश एवढाच आहे आणि त्यातले काहीही चूक नाही.

अडचण आहे ती न सांगितलेल्या गोष्टींची. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनात या ठिकाणी येणारे प्रश्न कोणते? याने अशक्तपणा येतो का? पुरुषपण जाते का? तयार होणाऱ्या शुक्राणूंचे पुढे काय होते? शस्त्रक्रिया झाल्या दिवसापासून ती लागू पडते का? ‘कायमची’ म्हणजे किती कायमची? आणि हे करायचे की नाही, ते कोणी ठरवायचे? यांतल्या एका प्रश्नाला परिच्छेद अर्धे उत्तर देतो. बाकीची उत्तरे विद्यार्थी बाहेरून मिळवतात, आणि बाहेर ती कशी मिळतात हे आपण जाणतो.

‘नस’ या शब्दाचा घोटाळा

पहिला गोंधळ नावातच आहे. सरकारी कागदांत, भिंतींवरच्या जाहिरातींत आणि रोजच्या बोलण्यात या शस्त्रक्रियेला ‘नसबंदी’ म्हणतात. मराठीत नस म्हणजे काय? हातावर फुगून दिसते ती नस. मान अवघडली की ‘नस दाबली गेली’ म्हणतात. मर्मावर बोट ठेवले तर ‘दुखरी नस’ सापडली म्हणतात. म्हणजे रक्तवाहिनी, चेता आणि मर्म या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो. तेव्हा ‘नस बंद करतात’ असे ऐकणाऱ्याला काय वाटेल? रक्त अडणार, संवेदना जाणार, जोर कमी होणार! त्याची भीती अडाणीपणाची नाही. शब्दाचा त्याने लावलेला अर्थ अगदी सरळ आहे.

प्रत्यक्षात जी बंद करतात ती रक्तवाहिनी नाही आणि चेताही नाही. ती शुक्रवाहिनी आहे. आतून अत्यंत बारीक, पण जाड स्नायूंच्या भिंतीची ही नळी अधिवृषणातून शुक्राणू पुढे नेते. एवढेच तिचे काम.

ग्रामीण भागातल्या मुलांच्या मनात आणखी एक चित्र असते, बैल खच्ची करण्याचे. गोऱ्ह्याला बर्डिझो चिमटा लावताना त्यांनी पाहिलेले असते, आणि नंतर तो कसा शांत, कामाला जुंपण्याजोगा होतो हेही माहीत असते. ‘माणसाचेही तसेच करतात’ असे त्यांना वाटले तर नवल नाही. इथे शिक्षकाने न संकोचता फरक सांगायला हवा. चिमट्याने वृषणाकडे जाणारी सगळी दोरी चेचली जाते. त्या दोरीत शुक्रवाहिनी असते, तशा रक्तवाहिन्याही असतात. रक्तपुरवठा तुटल्याने वृषण सुकते, आणि बैल बदलतो तो त्यामुळे. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या बाजूला ठेवून फक्त शुक्रवाहिनी बंद करतात.

हा फरक कोणी करून पाहिला आहे का? पाहिला आहे, आणि तोही दोनशे वर्षांपूर्वी. लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२३ मध्ये एका कुत्र्याच्या एका बाजूची शुक्रवाहिनी कापली आणि दुसऱ्या बाजूच्या वृषणाची रोहिणी व नीला कापली. रक्तपुरवठा तुटलेले वृषण सडून गेले. शुक्रवाहिनी कापलेले वृषण मात्र जिवंत राहिले. पुढची सहा वर्षे तो कुत्रा कूपर यांच्याकडे होता. त्याचा मादीशी समागम झालेला दिसला, पण पिले झाली नाहीत. एकाच प्राण्यात दोन बाजूंना दोन वेगळे छेद घेऊन केलेली ही तुलना आहे. आज असा प्रयोग करण्याची गरज नाही आणि तो कोणी करूही देणार नाही. पण चल घटक वेगळे करून पाहणे म्हणजे काय, हे शिकवायला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आकृतीत नसलेली वाट

पुस्तकातली आकृती (अ) बरोबर आहे, पण तिच्यात एकच वाट दाखवली आहे. वृषणाची कामे दोन आहेत आणि त्यांच्या वाटाही दोन आहेत. शुक्राणू तयार होतात ते नलिकांमध्ये. ते अधिवृषणातून शुक्रवाहिनीत जातात. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार होते ते नलिकांच्या मधल्या जागेतील लायडिख पेशींमध्ये. ते थेट रक्तात मिसळते आणि शरीरभर जाते. दाढीमिशा, आवाज, स्नायू आणि कामेच्छा यांचा संबंध या दुसऱ्या वाटेशी आहे. शस्त्रक्रियेत पहिली वाट बंद होते, दुसरीला हातही लागत नाही.

वीर्याचेही तसेच. वीर्यातील बहुतेक द्रव शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांतून येतो. या ग्रंथी शुक्रवाहिनी जिथे बंद करतात त्याच्या पुढे आहेत. वृषणाकडून येणारा वाटा शेकड्याला पाचाच्या आसपास असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वीर्य येतेच. त्यात शुक्राणू नसतात, पण डोळ्यांना फरक कळत नाही. वृषणात शुक्राणू तयार होत राहतात, विघटन पावतात आणि शरीर ते शोषून घेते. ते ‘साठून फुटतील’ ही भीतीही निराधार आहे.

‘शस्त्रक्रियेने शक्ती जाते’ हा समज किती डळमळीत पायावर उभा आहे, हे दाखवणारी एक गंमत इतिहासात आहे. व्हिएन्नाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑयगेन श्टाइनाख यांनी १९२० च्या सुमारास नेमके उलटे सांगितले होते : शुक्रवाहिनी बांधली की संप्रेरक करणाऱ्या पेशी वाढतात आणि तारुण्य परत येते! युरोप-अमेरिकेतल्या अनेक वयस्क पुरुषांनी त्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घेतली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये, तर कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९३४ मध्ये. पुढे हा दावा टिकला नाही. पण पाहा, तीच नळी आणि तोच छेद. तिकडे त्याने जोर वाढतो म्हणून पुरुष रांगा लावत होते, इकडे जोर जातो म्हणून पळत होते. नळी बिचारी दोन्हीकडे फक्त शुक्राणू वाहत होती.

पूर्ण निर्धोक मात्र कोणतीच शस्त्रक्रिया नसते, आणि हेही मुलांना सांगावे. काही दिवस सूज व दुखणे, क्वचित रक्त साकळणे किंवा जंतुसंसर्ग हे होऊ शकते. शंभरातल्या एक-दोघांना त्रासदायक दुखणे बराच काळ राहते. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांपासून या शस्त्रक्रियेने संरक्षण मिळत नाही. त्यासाठी निरोधच हवा. तोटे लपवून केलेला प्रचार पहिल्या तक्रारीला कोसळतो.

तीन महिन्यांचा प्रश्न

परिच्छेदातली सर्वांत महागात पडणारी गाळलेली जागा ही आहे. शुक्रवाहिनी बंद केली तरी त्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. ते निघून जायला वेळ लागतो. म्हणून साधारण तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते, आणि त्यानंतर वीर्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून शुक्राणू नाहीत याची खात्री करावी लागते. नळाची मुख्य तोटी बंद केली तरी पाइपात उरलेले पाणी येत राहते, एवढे साधे हे तत्त्व आहे.

ते माहीत नसले तर काय होते? पहिल्या दोन महिन्यांत पत्नीला दिवस जातात. नवऱ्याला वाटते, माझे तर ऑपरेशन झाले आहे! संशय कोणावर जातो ते सांगायला नको. शुक्राणूंच्या वहनाविषयीचे एक वाक्य पुस्तकातून गळते आणि त्याची किंमत एखादी बाई आपल्या चारित्र्याने मोजते. तपासणीत शुक्राणू नाहीत असे आढळल्यानंतरही साधारण दोन हजारांत एका बाबतीत पुढे गर्भधारणा होते, कारण कापलेली टोके क्वचित आपोआप जुळतात. हा आकडा फार लहान आहे, पण शून्य नाही. ‘संशयाआधी तपासणी’ हे सूत्र वर्गातच रुजले पाहिजे.

‘कायमची’ म्हणजे किती?

‘उलटवता येण्याची शक्यता फार कमी’ हे पुस्तकातले विधान सावधगिरीचे म्हणून ठीक आहे, पण त्याने विषयाचे कुतूहल तिथेच संपते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे आकडे अधिक शिकवतात. शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्याची सूक्ष्मशस्त्रक्रिया पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांच्या आत केली, तेव्हा ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. पंधरा किंवा अधिक वर्षे लोटली असतील तर हेच आकडे ७१ आणि ३० वर आले.

हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहा आणि विचारा, शुक्राणू परतूनही गर्भधारणा का होत नाही? विद्यार्थी विचार करू लागतील. मधल्या काळात शरीराने शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असू शकतात. दाबामुळे अधिवृषणातील बारीक नलिकेत दुसरीकडे अडथळा झालेला असू शकतो. पत्नीचे वयही वाढलेले असते. नळी जोडली तरी गेलेला काळ जोडता येत नाही. जोडशस्त्रक्रिया अवघड आणि खर्चिक आहे, सर्वत्र मिळतही नाही. म्हणून निर्णय घेताना ती कायमचीच मानायची. ‘वाटले तर उघडून घेऊ’ म्हणणाऱ्याने दुसरे साधन निवडावे.

वगळलेले वर्ष

जीवशास्त्राच्या पुस्तकात या शस्त्रक्रियेचा इतिहास नाही. पण पुरुषांच्या मनातली भीती केवळ शरीरशास्त्राच्या अज्ञानातून आलेली नाही. ती इतिहासातूनही आली आहे.

अमेरिकेत हॅरी शार्प या तुरुंग-डॉक्टरने १८९९ पासून इंडियाना राज्यात कैद्यांवर ही शस्त्रक्रिया केली, आणि १९०७ मध्ये त्या राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा जगातला पहिला कायदा केला. ‘हीन’ ठरवलेल्या माणसांनी वंश वाढवू नये, हा त्यामागचा विचार होता. भारतात १९७१ च्या जुलै महिन्यात केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्याच्या शिबिरात ६० हजारांहून अधिक पुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या. भेटवस्तू आणि पैसे देऊन लोकांना आणले गेले. देशभर त्याचे कौतुक झाले. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांवरच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्ती करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. आणि या सगळ्यात आपला पेशाही होता. काही राज्यांत शिक्षकांना ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे दिली गेली, ती पुरी न करणाऱ्यांचे पगार अडवले गेले. शहा आयोगापुढे हे सारे आले.

१९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले. पुरुषांना हात लावायला सरकार कचरू लागले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एका दिवसात अनेक स्त्रियांना ‘उरकणे’ शक्य झाले, आणि उद्दिष्टांचा सगळा भार त्यांच्याकडे सरकला. त्याचे टोक नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात दिसले. एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर १३ जणींचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. पुरुषांवरच्या सक्तीची परतफेड अशी स्त्रियांनी केली.

‘आपल्या संस्कृतीत पुरुष तयारच होत नाहीत’ असे म्हणून हा विषय मिटवण्याची सवय आहे. शेजारच्या भूतानकडे पाहावे. तिथे २०१० च्या सर्वेक्षणात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांचे प्रमाण अधिक आढळले होते. पुरुष सगळीकडे सारखेच. त्यांना कोणी, काय आणि कसे सांगितले, यावर पुष्कळ अवलंबून असते.

परिच्छेद असा लिहिता येईल

टीका केली की पर्याय द्यावा. आमचा पर्याय असा :

‘पुरुषाच्या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनी बंद करतात. ही नळी फक्त शुक्राणू नेते. रक्तवाहिन्या आणि चेता तशाच राहतात. टेस्टोस्टेरॉन रक्तातून जात असल्याने कामेच्छा, ताकद व आवाज यांत फरक पडत नाही; वीर्यही येते. शस्त्रक्रिया लगेच लागू पडत नाही. सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्यतपासणी करावी लागते. ती स्त्रीवरील शस्त्रक्रियेपेक्षा सोपी व कमी धोक्याची आहे. पुन्हा जोडणे नेहमी यशस्वी होत नाही, म्हणून निर्णय कायमचा समजून, कोणाच्याही दडपणाशिवाय घ्यावा.’

आठ वाक्ये झाली. सोबत आकृती (अ) मध्ये लाल रंगाने रक्तवाहिनी काढली, निळ्याने शुक्रवाहिनी काढली आणि काट फक्त निळ्यावर मारली, तर ‘नस’ शब्दाचा घोटाळा न बोलताही सुटेल. वर्गात ‘नसबंदी’ऐवजी ‘शुक्रवाहिनी बंद करणे’ असेच म्हणावे. शब्द लांब आहे, पण काय बंद होते आणि काय होत नाही ते तो नेमके सांगतो.

हे शिकवताना कोणाला शस्त्रक्रियेसाठी तयार करायचे नाही. तो आपला अधिकारही नाही. वर्गातल्या मुलामुलींपुढे हा निर्णय पंधरा-वीस वर्षांनी येईल. तेव्हा ‘तुझं ऑपरेशन कधी?’ या प्रश्नाऐवजी ‘आपल्यापैकी कोणाचं?’ असा प्रश्न घरात निघावा, एवढीच अपेक्षा आहे. पुस्तकात त्या आठ वाक्यांना जागा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर फळा आणि दोन रंगांचे खडू आपल्याकडे आहेतच.